शून्याची कुपी

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची! सामानाचे सात नग, एक भिंगरी आणि मी, सगळे धड पोचलो.

भिंगरी म्हणजे माझी लेक. वय वर्षे आठ, एका जागी बसल्याचा पुरावा नाही. क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे. पायऱ्या किती ते तिने दोनदा चढून-उतरून मोजलं, चोपन्न, आणि दोन्ही वेळा तेवढ्याच भरल्या म्हणून बाई खूश. दोन खोल्या, ओटा माझ्या उंचीचा, नळाला धो धो पाणी. पुढच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, म्हणजे घरात बसून लेकीवर नजर ठेवता येणार. मागच्या खिडकीतून एक लांबलचक पिवळी इमारत दिसते. तिला सगळे नुसतं 'मागची इमारत' म्हणतात.

हिच्या बापाचा विषय या वहीत येणार नाही. वही नवी आहे.

जानेवारीत मी इथे आठवडाभर प्रशिक्षणाला आले होते, तेव्हा हिला आजीकडे ठेवलं होतं आणि ही रोज फोनवर गळा काढायची. या वेळी म्हटलं, आता काय व्हायचं ते दोघींचं बरोबर होऊ दे. नोकरीसोबत क्वार्टर आहे, क्वार्टरसोबत शाळा आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे आमच्या बाईसाहेब, हसत हसत हेही म्हणाल्या की नोकरी गेली तर तिन्ही एका दमात जातात. मीही हसले. अकरा वर्षं लोकांच्या रक्त-लघवीत घालवलेल्या बाईला कोण कशाला काढतंय!

मंगळवार, ४ मार्च

आज यंत्र पाहिलं. चपलांच्या खोक्याएवढं आहे हो! मला वाटलं होतं भिंतभर असेल.

इथल्या आजाराला लोक बधिरी म्हणतात. ताप नाही, खोकला नाही, अंगावर काही उठत नाही. फक्त दुखणं जातं. भाजलं तरी कळत नाही, कापलं तरी कळत नाही. माणूस महिनोन्‌महिने मजेत हिंडतो आणि एक दिवस बसल्या जागी श्वास घ्यायचा विसरतो. म्हणून लक्षणांची वाट न बघता थुंकीतच विषाणू शोधायचा.

शोधायचा तो असा. यंत्राच्या चकतीत एक पातळ पटल, पटलाला एक छिद्र. केसाच्या जाडीत तशी हजारो मावतील, इतकं बारीक. दोन्हीकडे मिठाचं पाणी, त्यातून वीज जाते आणि पडद्यावर एक सरळ रेघ उमटते. थुंकीत आपण डीएनएचे धागे सोडायचे. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक गळ, आणि त्या गळाला फक्त बधिरीच्या विषाणूचं प्रथिन लागतं, दुसरं काही नाही. मोकळा धागा छिद्रातून सरकला की वीज जराशी अडते, रेघेचा टवका उडतो. गळाला प्रथिन लागलेलं असलं की धागा अडत अडत जातो आणि टवक्याच्या जागी खड्डा पडतो. भिंगरीला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे अरुंद दारातून गादी नेल्यासारखं. हुशार आहे माझी पोर.

पण रेघा बघत बसायचं नाही, असा बाईसाहेबांचा दंडक आहे. दिवसाला साठ नळ्या, एकेका रेघेत हजारो टवके, वाचता वाचता म्हातारपण येईल. त्याऐवजी यंत्राला आधी एक निरोगी थुंकी दाखवायची. तिला म्हणायचं शून्य. मग यंत्र येणाऱ्या प्रत्येक नळीची त्या शून्याशी तुलना करतं. सारखी निघाली तर हिरवा दिवा, वेगळी निघाली तर लाल. लाल निघालेला माणूस त्याच दिवशी मागच्या इमारतीत.

आणि हे शून्य कोणाचं? तर नव्याने बाहेरगावाहून कामाला येणाऱ्याचं, अशी इथली रीत. बाहेरचा माणूस कोरा, असं यांचं गणित. अकरा वर्षं दुसऱ्यांची थुंकी गोळा केली, आता माझीला भाव आला!

गुरुवार, ६ मार्च

माझं शून्य लागलं. छत्तीस कुप्या भरल्या, नाव-तारखेसकट.

नियम असा की नवं शून्य जुन्याशी ताडून बघायचं. जुन्या शून्याच्या दोनच कुप्या उरल्या होत्या. पहिली लावली, तर दिवा लाल. बाईसाहेब मात्र शांत. म्हणाल्या, जुनं शून्य नासलंय हे त्या कधीपासून सांगताहेत. त्याच्यावर साठातले पन्नास लाल येत होते, कुठल्या गावात साठातले पन्नास आजारी असतात? वरच्यांनीही ते निकाल तीन आठवडे दाबून ठेवलेत, कारण एवढ्यांना ठेवायला मागच्या इमारतीत जागाच नाही. एवढं बोलून त्या बैठकीला गेल्या आणि उरलेली कुपी मला तपासायला सांगून गेल्या.

कुपी हातात धरून उभी राहिले. ही पण लाल आली तर? मग जुन्या शून्याला कोण दोष देईल, खोट माझ्यात काढतील. आत्ता कुठे भिंगरीला वर्गात मैत्रीण मिळाली आहे. आणि मला काय धाड भरली आहे? आज सकाळी शेजारच्या सिस्टरने दिलेला वाफाळता चहा मी दोन घोटांत संपवला, ती बघतच राहिली.

कशाला नसती कटकट! कुपी बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि वहीत लिहिलं, दुसरी कुपी तपासली, जुळली. खाली सही ठोकली.

सोमवार, १० मार्च

साठात अकरा लाल! फक्त अकरा!

सगळ्या प्रयोगशाळेने टाळ्या वाजवल्या. वरून अभिनंदनाचा फोन आला. बाईसाहेबांनी सर्वांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की हिचा हातगुण चांगला आहे. मी लाजले-बिजले नाही, आपलं काम आपण केलं. भिंगरीला नवा कंपास घेतला.

मंगळवार, १८ मार्च

इथे माझी दोनच माणसं. एक नळीवाले काका. निवृत्तीला आलेले, घराघरांतून थुंकीच्या नळ्या गोळा करून ढकलगाडीवरून आणतात. चाकाला तेल घाला म्हटलं तर म्हणतात, आवाज नाही आला तर लोकांना कळणार कसं की थुंकायची वेळ झाली. भिंगरी त्यांच्यावर फिदा आहे. शाळा सुटली की त्यांच्या गाडीवर बसून क्वार्टरपर्यंत येते.

दुसरी शेजारची सिस्टर. ती मागच्या इमारतीत असते. तिथे रोज सकाळी प्रत्येकाच्या तळपायाला, पोटरीला, मांडीला सुई टोचून बधिरी कुठवर चढली ते बघतात आणि मग पाठीच्या कण्यात औषध देतात. औषध जालीम आहे. बरेच जण दहा दिवसांत आटोपतात, असं ती कांदे-बटाट्यांचं बोलावं तसं बोलली.

आज ती वैतागली होती. म्हणे पूर्वी आणलेले पेशंट गरीब होते, सुई टोचली तर बघत बसायचे. हल्ली येणारे नुसते बोंबलतात. चौघांनी धरावं लागतं. कानात कापूस घालते ती. मी म्हटलं, नाटकं, दुसरं काय! औषध चुकवायला माणूस काय काय करतो ते मी अकरा वर्षं बघितलंय.

गुरुवार, २७ मार्च

एक फालतू प्रसंग. नळ्या कोमट ठेवायची तापती पट्टी आहे, तिच्यावर हात टेकून मी काकांशी गप्पा मारत होते. एकदम काका ओरडले की बाई, हात भाजतोय तुमचा! बघते तर तळहाताची कातडी पट्टीला चिकटलेली, आणि वास सुटलेला. मी हात काढला, पाण्याखाली धरला. गप्पांत लक्ष नव्हतं, इतकंच. पण काका माझ्याकडे असे बघत राहिले की माझी सटकली. त्यांना सांगितलं, माझी कातडीच जाड आहे, लहानपणापासून. ते गाडी घेऊन गेले, आणि आज त्यांनी भिंगरीला गाडीवर बसवलं नाही.

वरती सांगितलं तर? म्हाताऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

नळी क्रमांक छत्तीस, काका. लाल.

खोटं कशाला लिहू, वहीत तरी. आधी हायसं वाटलं. वाटलं, सुटले! मग वाईट वाटलं. पण आधी हायसं वाटलं.

न्यायला आले तेव्हा काका माझ्या खोलीत धावत आले. म्हणाले, बाई, मला सगळं लागतंय, सगळं दुखतंय, गुडघे दुखतात, दात दुखतो, तुम्ही बघा तरी. आणि स्वतःच्या दंडाला कचकचून चिमटा काढून दाखवला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मी म्हटलं, काका, यंत्र खोटं बोलत नाही. दोघांनी धरून नेलं. गाडी दारातच राहिली.

भिंगरीला सांगितलं की काका गावाला गेले.

बुधवार, ९ एप्रिल

सिस्टर सांगत होती, म्हाताऱ्याने तीन दिवस वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सुई दिसली की आईला हाक मारायचा. या वयात! तिला हसू येत होतं. कालपासून शांत आहे म्हणे.

मी विचारलं, बरे आहेत का. म्हणाली, अगं शांत आहे म्हणजे गेला.

सोमवार, १४ एप्रिल

आजपासून शाळेतल्या मुलांच्या नळ्या. दर सोमवारी. भिंगरीची नळी मी मुद्दाम सगळ्यांत आधी लावली. उगीच, आई म्हणून.

लाल.

दुसरी चकती घातली. लाल. तिसरी. लाल.

माझी भिंगरी. आठ वर्षांची. तळपायाला, पोटरीला, मांडीला. चौघं धरणारे. सिस्टर कानात कापूस घालणार.

नोंद करायचं बटण दाबायच्या आत नळी ओतली, धुतली, तिच्यात मी थुंकले. हिरवा. नोंद केली.

बाकीच्या वर्गातली सात मुलं लाल आली. त्यांची नोंद केली. त्यांचं त्यांच्या आयांनी बघावं.

तिला आजीकडे पाठवावं तर गावाबाहेर पडताना नाक्यावर समोर उभं करून थुंकी घेतात, आणि तिथल्या यंत्रातही माझंच शून्य. लाल आली की नाक्यावरूनच परस्पर मागे नेतील. म्हणजे तिने इथेच राहायचं. माझ्याजवळ.

गुरुवार, १७ एप्रिल

ज्याला बधिरी झाली त्याचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, असं पत्रक आहे. गेलं उडत पत्रक! माझ्या ताटात जेवते, माझ्या पेल्यातलं पिते, रात्रभर माझ्या कुशीत असते. तोंडाशी तोंड लावून झोपते. मला झाली तर होऊ दे. लेकीला एकटं मरू देणारी आई मी नाही. किती दिवस हातात आहेत देव जाणे, तेवढे तरी लाड करून घेते.

तिला काही कळत नाही. आई शहाणी झाली म्हणून खूश आहे. आज मी भरवलं. अर्धा घास माझा, अर्धा तिचा.

सोमवार, २१ एप्रिल

भिंगरी मैदानावर पडली. गुडघा फुटला. मी कापसाने औषध लावलं आणि तिने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे वर आले.

मी आधी तिला गप्प केलं. मग माझ्या लक्षात आलं.

तिला लागलं. झोंबलं. औषध झोंबलं तिला.

लाल माणसाला झोंबत नाही. काकांनी चिमटा काढला तर डोळ्यांत पाणी आलं. मागच्या इमारतीतले सगळे बोंबलतात. आणि मी — तापलेल्या पट्टीवर हात ठेवून गप्पा मारते. त्या हाताला अजून फोड आहे. आत्ता दाबून बघितला. फुटला. काही नाही.

तडक प्रयोगशाळेत गेले. सगळे जेवायला गेले होते. दंडक मोडला. यंत्र नोंद न केलेल्या रेघाही साठवून ठेवतं; सगळ्या काढल्या.

भिंगरीची पहिली नळी, चौदा तारखेची. नुसते टवके. बारीक, एकसारखे, मोकळे धागे. एक खड्डा नाही. एकही नाही.

काकांची. टवके. सात मुलांची. टवके, टवके.

हिरव्यांच्या काढल्या. खड्डे. सगळ्यांच्या. रस्ता खोदून ठेवावा तसे.

मग शून्य काढलं. माझं. खड्डेच खड्डे.

जानेवारीतच लागली असणार मला. त्या आठवड्यात. म्हणजे कोरी म्हणून मी माझी बधिरीच यंत्राला दाखवली, आणि यंत्राने बिचाऱ्याने सांगितलेलं केलं. माझ्यासारखा तो हिरवा. माझ्यासारखा नाही तो लाल. साठातले पन्नास खरेच आजारी होते. उरलेले धडधाकट, त्यांना मी वेचून वेचून —

तीनशे बारा. नोंदवहीत बघितलं. सगळ्या सह्या माझ्या.

तिला कुशीत घेऊन आठ दिवस झोपले मी. तोंडाशी तोंड लावून.

मंगळवार, २२ एप्रिल

बाईसाहेबांना सांगितलं. सगळं. कुपी ओतली तेसुद्धा.

त्या कागद टाचत होत्या. ऐकता ऐकता टाचणी कागदातून त्यांच्या अंगठ्यात गेली, पार आरपार. कागद लाल झाला तेव्हा त्यांना दिसलं. टाचणी उपसली, अंगठा पुसला आणि म्हणाल्या की त्यांना मार्चपासून माहीत आहे. वरच्यांनाही माहीत आहे. वरचे सगळे हिरवे आहेत. खरं शून्य लावलं तर मागच्या इमारतीत कोणी जायचं, त्यांनी? बरं, औषधाने तरी कोण बरं होतंय. मग निदान आहेत ते दिवस लोकांनी निवांत काढावे. ज्यांना दुखतं तेच कटकट करतात, तेवढे बाजूला गेले की गाव कसं गुण्यागोविंदाने नांदतं.

मग म्हणाल्या, दुसरी कुपी जुळली हे अक्षर कोणाचं आहे? आणि चौदा तारखेला मुलीच्या नळीची रेघ आईच्या शून्यासारखी हुबेहूब कशी? त्यांनी बघितली होती. त्या रेघा बघतात. आम्हीच बघायच्या नाहीत.

मी गप्प बसले तर भिंगरीची नळी हिरवी राहील. तोंड उघडलं तर आज संध्याकाळी चौघं जण क्वार्टरवर.

मी हो म्हणाले. लिहून ठेवते. विचार करायला वेळही मागितला नाही. हो म्हणाले.

गुरुवार, २४ एप्रिल

तिचं ताट वेगळं. पेला वेगळा. अंथरूण स्वयंपाकघरात. मी दाराशी तोंडाला फडकं बांधून बसते. जवळ आली की ओरडते. काल मिठी मारायला धावली तर ढकललं. भिंतीवर आपटली. रडली.

रडली! किती बरं वाटलं. रड गं, रड. लागतंय ना? लागतंय.

आज परत ढकललं. मुद्दाम. थोडं जोरात.

परत रडली.

शुक्रवार, २५ एप्रिल

तिला वाटतं मी रागावले आहे. वहीच्या पानावर चित्र काढून दाराखालून सरकवलं. दोघी हात धरून. मी कागद चिमट्याने उचलला आणि जाळला. तिची बोटं लागली म्हणून नव्हे — माझी लागली असती, आणि मग तिने परत —

जाळताना बोट जळलं. वास आला म्हणून कळलं.

आज सोळा लाल. नोंद केली.

रविवार, २७ एप्रिल

पेन धरलंय की नाही ते बघून लिहावं लागतं. बोटांना कळत नाही.

आज दोनदा श्वास — म्हणजे बसले होते, आणि एकदम लक्षात आलं की घेतला नाहीये. मग घेतला. आठवण ठेवायला हवी.

ती दिवसभर रडली नाही. दार बोटावर आपटलं तिच्या. मी बघितलं. रडली नाही. रुसली असेल. माझ्यावर रुसली आहे, म्हणून. हट्टी आहे. बापावर —

सोमवार, २८ एप्रिल

शाळेच्या नळ्या. तिची खरी लावली. तिचीच. माझ्यासमोर थुंकलेली. लाल येऊ दे. आयुष्यात एवढं काही मागितलं नाही. लाल येऊ दे.

हिरवा.

चकती बदलली. हिरवा.

चकती बदलली.

बाईसाहेब मागे उभ्या होत्या. अभिनंदन म्हणाल्या. आता हवं तर आजीकडे पाठवा, नाक्यावर काही अडचण नाही.

रेघ नाही बघितली. यंत्राचं काय खरं — एवढंसं खोकं — यंत्र चुकतं. सगळ्यांना माहीत आहे, चुकतं.

मंगळवार, २९ एप्रिल

सकाळ. शाळेत नाही पाठवली. ऊन आलंय खोलीत. श्वास.

नवी सुई आणली आहे, सीलबंद. तिला म्हटलं, खेळ आहे. फडकं काढलं मी तोंडाचं. आता काय. मांडीवर घेतली. कित्ती दिवसांनी, म्हणाली.

डोळे मिट. लागलं की ओरडायचं. जितक्या जोरात ओरडशील तितकी तू जिंकलीस.

करंगळीला टोचलं.

डोळे मिटून बसली आहे. ओठ दाबून हसते आहे. रक्ताचा थेंब आला. पुसला. विचारते आहे की आई, सुरू कधी करणार?

श्वास.

अंगठ्याला. अर्धी सुई.

विचारते आहे, झोपलीस का गं?

ओरड ना. माझे बाय. एकदा. खोटं नको, खरं ओरड. आता टाचेला, तिथे कातडी जाड असते, म्हणून — म्हणून जरा खोल —